गणितास जात नाहीं; मग दारावर पहारा कोणाचा?

आमचे एक विद्वान स्नेही आहेत. ते शहरांत राहतात, आणि रयतेच्या मुलांविषयीं आपल्या मनांत फार कळकळ आहे असें ते स्वतःच वारंवार सांगतात. अकरावी-बारावीच्या मुलांकरितां विद्यापीठें ज्या कलनगणिताच्या स्पर्धा भरवितात त्या तालुक्याच्या गांवीं भरवाव्या व मराठींतही भरवाव्या, असें आम्हीं त्यांच्यापाशीं बोलून दाखविलें. तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, "तुम्ही प्रत्येक गोष्टींत जातपात आणि खेडें-शहर आणतां. अहो, दोन आणि दोन हे ब्राह्मणासही चार आणि कुणब्यासही चारच. गणितास जात नाहीं. ज्याला येतें तो जिंकतो."

आम्ही त्या वेळीं उगीच राहिलों. वादांत पडण्यापूर्वीं डोळ्यांनीं काय पाहिलें तें नीट आठवावें, अशी आमची रीत आहे. आतां उत्तर देतों.

पवनी तालुक्यांतील एका खेड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून पांच मुलें अशा एका स्पर्धेस गेलीं. त्यांच्याबरोबर आम्हीही गेलों होतों. विद्यापीठ कोणतें हें आम्ही सांगत नाहीं. आमचें भांडण एका विद्यापीठाशीं नाहीं, रीतीशीं आहे. पहांटे चार वाजतां उठून, भाकरी बांधून, दोन एस.टी. बदलून हीं मुलें वेळेवर पोंचलीं. आवारांत पाहतों तों शहरांतील खासगी क्लासांचीं मुलें एकाच रंगाचे सदरे घालून, छापील सूत्रांच्या पुस्तिका चाळीत उभीं होतीं. आमच्या मुलांच्या हातांत वह्या होत्या, आणि त्यांत स्वतःच्या अक्षरांत उतरून घेतलेलीं सूत्रें होतीं. त्यांना शिकविणारे शिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेले. तास घेतला तर पैसे, नाहीं तर नाहीं. त्या दिवसाचा तास बुडवून ते आपल्या खर्चानें मुलांबरोबर आले होते.

त्या पांचांत एक मुलगी होती. बाप धान पिकवितो. आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधींत मजुरीस जाते. वर्गांत गणितांत पहिली हीच. प्रश्नपत्रिका सर्व इंग्रजींत. एका प्रश्नांत पाणी भरण्याच्या कशाचें तरी नांव होतें, 'ट्रफ'. मुलीनें तो शब्द जन्मांत वाचला नव्हता. 'थ्रू' ह्या नेहमींच्या शब्दांतलें एक अक्षर छापतांना गळलें असावें असें समजून ती वाक्य लावीत बसली. वाक्य लागेना. त्या एका प्रश्नाच्या नादांत पुढचे दोन प्रश्न राहिले. बाहेर आल्यावर तिनें विचारलें, "सर, ट्रफ म्हणजे काय हो?" शिक्षक म्हणाले, "डोण." मुलगी जराशी थांबली आणि म्हणाली, "आपली डोण? बैलांची?" परतीच्या एस.टी.त तिनें प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर तो प्रश्न सोडविला. भंडारा येण्याच्या आधींच तो झाला होता.

तो प्रश्न आम्ही येथें देतों, म्हणजे वाचकांस कळेल कीं ह्या शास्त्रांत कांहीं जादूटोणा नाहीं. डोण ३ मीटर लांब. खालीं निमुळती, वर रुंद; वरची रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोलीही ६० सेंटिमीटर. मिनिटास ३० लिटर पाणी पडतें. पाणी २० सेंटिमीटर चढलें असेल त्या क्षणीं तें किती वेगानें चढत असेल? पाहा. पाणी २० सेंटिमीटर खोल तेव्हां त्याची वरची रुंदीही २०, लांबी ३००. म्हणजे पाण्याचा वरचा पट्टा ६,००० चौरस सेंटिमीटरांचा. ३० लिटर म्हणजे ३०,००० घन सेंटिमीटर पाणी. ३०,००० ला ६,००० नीं भागा. मिनिटास ५ सेंटिमीटर. तेंच पाणी ४० सेंटिमीटरांवर आलें कीं पट्टा दुप्पट होतो आणि वेग निम्म्यावर, अडीच सेंटिमीटरांवर, येतो. वेग असा क्षणोक्षणीं बदलत असतां नेमक्या एका क्षणाचा वेग काढणें ह्यास विकलन म्हणतात. उलट, बदलत्या वेगानें एकंदर किती पाणी आलें ह्याची बेरीज करणें तें संकलन. हीं दोन मिळून कलनगणित. इंग्रजींत ज्यास कॅल्क्युलस म्हणतात तें हेंच.

डोण भरतांना पाणी कसें चढतें, हें ज्या मुलीनें लहानपणापासून रोज पाहिलें तिला हा प्रश्न शहरांतल्या कोणत्याही मुलाहून जवळचा. तिला गणित येत होतें, प्रत्यक्ष डोणही ठाऊक होती, आणि तरी ती हरली. ज्याला येतें तो जिंकतो, हें आमच्या स्नेह्यांचें विधान ह्या एका डोणींत बुडालें. गणितास जात नाहीं हें आम्हीही मानतों. परंतु गणिताच्या दारावर जो पहारेकरी बसविला आहे त्याला भाषा आहे, गांव आहे, फी आहे. आणि ह्या देशांत भाषा, गांव व फी ह्यांचा जातीशीं कांहीं संबंध नाहीं असें ज्यास म्हणावयाचें असेल त्यानें खुशाल म्हणावें.

हा पहारा आजचा नाहीं. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें एक जुना शिलालेख आहे. भास्कराचार्यानें ११५० सालीं सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ लिहिला. ग्रहाची एका क्षणाची गति, म्हणजे तात्कालिक गति, ह्याचा विचार त्यांत आहे, व कलनगणिताच्या कल्पनेचें एक बीज तेथें दिसतें. भास्कराचार्याचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं १२०७ च्या सुमारास पाटणास मठ काढला; त्या मठाचा हा लेख. घराण्याची विद्वत्ता आणि राजाचें औदार्य हें सर्व संस्कृतांत कोरलें आहे. परंतु शेवटीं मठाच्या खर्चाची तजवीज येते तेथें लेख एकदम मराठींत उतरतो. बाजारांत विकावयास निघणाऱ्या मालावर राजास मिळणारा कर मठास दिला. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागें पळी पळी तेल मठास द्यावें. वाचकहो, हें नीट लक्षांत घ्या. स्तुति संस्कृतांत, आणि वसुली मराठींत! ज्या तेल्याचें तेल मठाच्या दिव्यांत जळलें त्याचा पोरगा त्या दिव्यापाशीं पाटी घेऊन बसला होता काय? लेखांत त्याचें नांव नाहीं.

१८८२ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं हंटर कमिशनापुढें हाच हिशेब मांडला. सरकारच्या तिजोरींत पैसा येतो तो रयतेच्या श्रमाचा, आणि उच्च शिक्षणावर तो खर्च होतो तेव्हां लाभ होतो तो वरच्या वर्गांस, असें त्यांचें म्हणणें होतें. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें तेव्हां भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत होता, आणि त्या प्रांताच्या तिजोरींत आमच्या धानाच्या बांध्यांचाही सारा जात होता. २००५ सालापासून ह्या विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे, आणि नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कक्षेंत आहेत. ज्यांनीं ग्रामगीता लिहिली त्यांचें नांव धारण करणाऱ्या विद्यापीठानें गणित घेऊन गांवांत यावें असें आम्ही म्हणतों, तेव्हां आम्ही भिक्षा मागत नाहीं. जुना हिशेब दाखवितों.

आतां कोणी म्हणेल कीं स्पर्धा हा बुद्धिमंतांचा खेळ आहे, तो गांवोगांव नेला तर त्याची किंमत काय राहिली? ह्यांस केंब्रिजची गोष्ट सांगणें भाग आहे, कारण केंब्रिजचें नांव निघाल्याखेरीज ह्यांची खात्री पटत नाहीं. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर पहिल्या क्रमांकावर आले. तेव्हांपासून 'रँग्लर' हा शब्द मराठी घरांत देवाच्या नांवासारखा घेतला जातो. परांजप्यांच्या बुद्धीविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु त्या परीक्षेची तयारी कशी होत असे हें पाहण्याजोगें आहे. एडवर्ड रूथ नांवाचे एक खासगी शिकवणी घेणारे गृहस्थ केंब्रिजांत होते. पहिल्या क्रमांकाचे पंचवीसांहून अधिक रँग्लर ह्या एकट्यांच्या शिकवणींतून निघाले. म्हणजे खासगी क्लासची ही रीत आपल्याकडे निघालेली नव्हे; तीही विलायती आहे. आणि शेवटीं केंब्रिजनें काय केलें? परीक्षेच्या चलाखीपुढें खरें गणित मागें पडतें अशी तेथल्याच गणितज्ञांची तक्रार झाली, व १९०९ नंतर ती क्रमवारी जाहीर करणें त्यांनीं बंद केलें. त्यांनीं टाकून दिलेली वस्तु आम्हीं मात्र देव्हाऱ्यांत मांडली.

त्याच इंग्लंडांत जॉर्ज ग्रीन नांवाचा एक गिरणीवाला होऊन गेला. बाप नॉटिंगहॅमचा पाववाला. त्याची पिठाची पवनचक्की होती, तिथें हा राबत असे. शाळा पाहिली ती जेमतेम वर्षभर. १८२८ सालीं त्यानें विद्युत् व चुंबकत्व ह्यांवर कलनगणिताचा एक निबंध वर्गणीदार मिळवून स्वतः छापला. केंब्रिजांत पाऊल टाकावयास त्यास चाळिसावें वर्ष उजाडलें. त्याच्या नांवाचा सिद्धांत आज जगांतल्या प्रत्येक विद्यापीठांत शिकवितात. न्यूटनचें पाहा. कलनगणिताच्या दोन जनकांपैकीं तो एक. बाप शेतकरी, सही करतां येत नव्हती; मुलगा जन्मण्यापूर्वींच वारला. १६६१ सालीं न्यूटन कॉलेजांत गेला तो श्रीमंत विद्यार्थ्यांचीं हलकीं कामें करून फी वांचविणाऱ्यांच्या वर्गांत. तुमसरच्या राइस मिलवर पोतीं उचलणाऱ्याच्या घरीं एखादा ग्रीन नसेल, किंवा साकोलीच्या शेतकऱ्याच्या घरीं एखादा न्यूटन नसेल, असें छातीवर हात ठेवून कोण सांगूं शकेल? आम्ही तो आहे असें म्हणत नाहीं. तो आहे कीं नाहीं हें पाहावयास कोणी गेलेंच नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

जे पाहावयास गेले ते धंदा करावयास गेले. सत्यशोधक समाज १८७३ सालीं निघाला तो एका साध्या गोष्टीसाठीं: देव आणि माणूस ह्यांच्यामध्यें दलाल नको. भिक्षुक मंत्र म्हणे, यजमानास अर्थ कळत नसे, आणि दक्षिणा मात्र रोख. आज आम्हीं तो दलाल लग्नांतून पुरता काढलेला नाहीं, तोंच गणितांत दुसरा आणून बसविला. हा नवा भिक्षुक कोणत्याही जातीचा असतो. आमच्या जातीचाही असतो. तो मंत्राऐवजीं सूत्र देतो. अमुक आकार दिसला कीं अमुक सूत्र लावा, कां लावावें हें विचारूं नका, विचारण्यांत दीड मिनिट जाईल! यजमानाप्रमाणेंच मुलगा माना डोलावतो, आणि बाप म्हैस विकून दक्षिणा भरतो. कोट्यास नाहीं तर नागपुरास, नागपुरास नाहीं तर भंडाऱ्यास, पण ह्या नव्या तीर्थाची वारी चुकत नाहीं. मुलगी पाठवावयाची तर खोलीचें भाडें व लोकांचें बोलणें हीं दोन्ही आडवीं येतात. म्हणून तिची वारी बहुधा घराच्या उंबऱ्यापाशींच संपते.

आणि सरकारी दरबारांत काय चाललें आहे? राज्याच्या सी.ई.टी.त अभियांत्रिकीस जाणाऱ्या मुलास एकंदर २०० गुणांची परीक्षा. त्यांतले १०० एकट्या गणिताचे, आणि बारावीच्या गणितांत विकलन, संकलन व त्यांचे उपयोग ह्यांचा वांटा फार मोठा. ह्या परीक्षेच्या माहितीपुस्तकांत वर्षानुवर्षें असा नियम छापला गेला कीं, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र ह्यांचे प्रश्न मराठींत वा उर्दूंतही मिळतील. गणिताचे मात्र इंग्रजींतच. उलट दिल्लीहून चालणारी जे.ई.ई. मुख्य परीक्षा २०२१ सालापासून १३ भाषांत होते व त्यांत मराठी आहे. महाराष्ट्राच्या पोरास मराठींत गणित दिल्लीनें दिलें आणि महाराष्ट्रानें नाकारलें. ही थट्टा कोणी नाटकांत घातली असती तर प्रेक्षकांनीं अतिशयोक्ति म्हणून शिट्या मारल्या असत्या.

स्पर्धांचें म्हणाल, तर गणिताच्या ऑलिंपियाडमध्यें कलनगणित अभ्यासक्रमांत धरलेलेंच नाहीं. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग व होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून माधवाच्या नांवानें एक चांगली स्पर्धा घेतात. माधव म्हणजे केरळांतला तो गणिती, ज्यानें युरोपाच्या दोन-अडीच शतकें आधीं अनंत श्रेणींचा शोध लावला. परंतु ती स्पर्धा पदवीच्या विद्यार्थ्यांकरितां आहे. मग अकरावी-बारावीच्या मुलास कलनगणिताची गोडी लागावी, निवड-परीक्षेच्या धाकाशिवाय त्यानें त्यांत डोकें घालावें, ह्यासाठीं उरतें तें विद्यापीठच. म्हणून स्पर्धा बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. ती आमच्या दारीं आणा असें म्हणतों.

मराठींत हें शास्त्र सांगतां येत नाहीं, असें कोणी म्हणूं नये. बाळशास्त्री जांभेकर १८४६ सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धिगणित' आहे; तें ह्याच कलनगणिताचें पुस्तक, आणि तें मराठींत. ज्या काळीं महाराष्ट्रांत एकही विद्यापीठ नव्हतें त्या काळीं जें झालें, तें आज विद्यापीठांची रांग लागली असतां होत नाहीं, ह्याचा दोष भाषेकडे जात नाहीं. इंग्रजी शब्द काढून टाका असाही आमचा हट्ट नाहीं. प्रश्न दोन्ही भाषांत शेजारीं शेजारीं छापा. 'ट्रफ' राहूं द्या, शेजारीं 'डोण' लिहा. पोरगी दोन्ही शब्द शिकेल. ह्यांत शाईखेरीज खर्च कशाचा आहे?

मराठी मुलखास हें गणित परकें आहे, हा तर सर्वांत मोठा भ्रम. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांस आपण मामा तलाव म्हणतों, ते कोणी बांधले? कोहळी समाजाच्या लोकांनीं. नवेगांवबांधचें मोठें तळें, जें १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत गेलें, तें त्यांचेंच. कोठें पाळ घातली म्हणजे किती पाणी थांबेल, सांडवा किती उंचीवर ठेवावा, किती बांध्यांस किती दिवस पाणी पुरेल, हा सर्व हिशेब त्यांनीं जमिनीचा उतार पाहून केला. त्याला कागदावर उतरविणारा कोणी भेटला नाहीं म्हणून तो हिशेब 'अनुभव' ठरला आणि दुसऱ्याचा हिशेब 'शास्त्र' ठरला.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, वरच्या धरणांतून पाणी सुटलें आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरलें, तें आमचे वाचक विसरले नसतील. त्या रात्रीं नदीकांठच्या माणसाचा प्रश्न पाणी किती उंच आहे हा नव्हता. घटकेस किती चढतें, आणि चढण्याचा वेग वाढतो आहे कीं मंदावतो आहे, हा होता. पहिला प्रश्न पट्टीचा, दुसरा विकलनाचा. वरच्या धरणांतून सुटलेलें पाणी तासागणिक मोजून गोसीखुर्दपाशीं एकंदर किती येईल हें काढणें, हा संकलनाचा. ज्या मुलुखांत गुरें सोडावीं कीं थांबावें हें कलनगणितावर ठरतें, त्या मुलुखाच्या पोरांस तें शास्त्र परक्या भाषेंत, परक्या गांवीं, फी भरून भेटतें!

आतां चार शब्द आमच्याच माणसांस. दुसऱ्याचे दोष काढून आपले झांकावे हा धर्म आम्हांस मान्य नाहीं. राजर्षि शाहूंनीं वसतिगृहें काढलीं, कर्मवीर भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तीं बहुजनांच्या पोरांनीं डोकें वर काढावें म्हणून. त्यांचीं नांवें घेऊन आज गांवोगांव ज्या संस्था निघाल्या त्यांतील कित्येकांचे चालक आमचेच भाऊबंद आहेत. त्यांस आम्ही विचारतों: तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयांत गणिताचा कायम शिक्षक किती वर्षांपासून नाहीं? पटावर मुलें तुमचीं, आणि शिकावयास मात्र तीं क्लासांत, असा सौदा तुम्हीं केला आहे कीं नाहीं? तुमच्या संस्थेच्या कमानीवर फुल्यांचा पुतळा आणि आंत फळ्यावर धूळ, हें दृश्य आम्हीं पाहिलें आहे. मागें ज्यांनीं विद्या कोंडली त्यांस आम्हीं शिव्या दिल्या. जो विद्येचें दुकान उघडून तागडी आपल्या हातांत ठेवतो तो आमच्या जातीचा आहे म्हणून त्याला ओवाळावयाचें कीं काय?

नुसती तक्रार करून थांबणें हें काम अर्धें टाकणें होय. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट सांगतों.

पहिली, कलनगणिताची स्पर्धा आमच्या विद्यापीठानें जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत भरवावी: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी. प्रत्येक तालुक्यास एक केंद्र, एकच दिवस, एकच प्रश्नपत्रिका. ३० पोरांनीं शहराकडे जाण्यापेक्षां एका प्राध्यापकानें तालुक्यास येणें स्वस्त पडतें. हें गणित तरी विद्यापीठास यावें.

दुसरी, प्रश्न मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावे. फी नसावी.

तिसरी, स्पर्धेच्या आधीं तीन महिने विद्यापीठाच्या गणित विभागानें रविवारीं तालुक्याच्या गांवीं तास घ्यावे. शिकविल्यावांचून परीक्षा घेणें म्हणजे पेरणीवांचून कापणीस विळा घेऊन जाणें होय.

चौथी, प्रश्न असे असावे कीं त्यांत सूत्र आठवण्यापेक्षां विचार करावा लागेल, आणि उत्तराबरोबर रीतीसही गुण असावे. मग क्लासच्या पुस्तिकेचा भाव आपोआप उतरेल.

पांचवी, वर्षांतून एक दिवस पुरे नाहीं. हंगेरी ह्या लहानशा देशांत १८९४ सालीं ग्यॉर गांवच्या दानियल अरानी नांवाच्या एका माध्यमिक शिक्षकानें शाळेच्या मुलांसाठीं गणिताचें एक मासिक काढलें. त्यांत प्रश्न छापावयाचे, कोणत्याही गांवच्या मुलानें सोडवून टपालानें पाठवावयाचे, आणि चांगलीं उत्तरें मुलांच्या नांवांसह पुढच्या अंकांत छापावयाचीं. त्याच वर्षीं तेथें शाळा सोडणाऱ्या मुलांची गणिताची स्पर्धाही सुरू झाली. पुढें हंगेरीनें जगास इतके गणिती दिले कीं मोठ्या देशांनीं तोंडांत बोटें घातलीं. मासिक काढणारा विद्यापीठाचा कुलगुरू नव्हता; एक शाळामास्तर होता. आमच्याकडे तर टपालाचीही वाट पाहावयास नको. प्रत्येक खेड्यांत मोबाइल पोंचला आहे. महिन्यास पांच मराठी प्रश्न पाठवावयास कोणाची आडकाठी आहे?

आमचे स्नेही ह्यावर म्हणतील कीं, असें केल्यानें दर्जा घसरेल. दर्जा म्हणजे काय तें एकदां ठरवूं या. ज्या शर्यतींत निम्म्या धावणाऱ्यांच्या पायांत दोरी आहे तिच्यांतल्या पहिल्याचा दर्जा कोणता? त्यालाही कधीं कळत नाहीं कीं आपण खरोखर वेगवान आहों कीं आपल्या पायांत दोरी नव्हती एवढेंच. दोरी सोडल्यानें शहरांतल्या हुशार मुलाचेंही कल्याणच आहे. त्याच्या पदकास खरी किंमत येईल.

आणि कोणी म्हणेल, आधीं शिक्षक भरा, मग स्पर्धा. शिक्षक भराच, कोण नको म्हणतो? परंतु आमचा अनुभव असा कीं, ज्या शाळेंतली पांच मुलें दरवर्षीं स्पर्धेस बसतात व पालक निकाल विचारतात, त्या शाळेंत रिकामी जागा फार दिवस झांकून ठेवतां येत नाहीं. स्पर्धा ही मुलांची परीक्षा खरी; पण ती तालुक्यांत आली म्हणजे संस्थाचालकांचीही परीक्षा होते. तिला कोण भितो हें त्यावरून उघड होईल.

शेतकरी बांधवांनो, आयाबहिणींनो, हें काम दुसरा कोणी करणार नाहीं. ग्रामसभा भरेल तेव्हां रस्ता व गटार ह्यांच्या जोडीस एक ठराव हाही मांडा: आमच्या गांवच्या अकरावी-बारावीच्या मुलांस गणिताचा शिक्षक आहे काय, आणि विद्यापीठाची स्पर्धा आमच्या तालुक्यांत केव्हां येणार? ठरावाची एक प्रत संस्थेस द्या, एक विद्यापीठास द्या. उत्तर न आलें तर पुढच्या महिन्यांत पुन्हां द्या.

ती मुलगी अद्याप बारावींतच आहे. त्या दिवशीं घरीं पोंचल्यावर तिनें आधीं दोर टाकून डोणींतलें पाणी मोजलें, असें तिच्या शिक्षकांनीं आम्हांस मागाहून सांगितलें. तिच्या घरची डोण निमुळती नाहीं, तिच्या बाजू सरळ उभ्या आहेत; म्हणून तिच्यांत पाणी एकाच वेगानें चढतें, आणि पुस्तकांतली डोण निराळी, हें तिनें स्वतः ताडून पाहिलें. हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि ह्यास कोणत्याही स्पर्धेंत गुण नाहींत. ज्या विद्यापीठास अशी मुलगी शोधावयाची असेल त्यास पवनी तालुक्याच्या एस.टी.ची वेळ कळवावयास आम्ही तयार आहों.